गळ, बुडी आणि उपसा

आमच्या आजोळच्या वाड्याच्या परसात एक जुना आड होता. एका दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी शेंदताना दोर निसटला आणि तांब्याची मोठी कळशी धप्पकन आडात गेली. दोर माझ्याच हातात होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आजी रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "जा, शेजारच्या काकूंकडून गळ घेऊन ये."

आजच्या मुलांना गळ म्हटले की मासे धरण्याचा काटा आठवेल. आमच्या लहानपणी गळ म्हणजे लोखंडाच्या दांड्याला चहूबाजूंनी वाकडे आकडे बसवलेले एक हत्यार. तो गावात दोन-चार घरीच असे आणि सगळी आळी तो हक्काने मागून नेई. दोराला बांधून आडात सोडायचा, तळाशी फिरवायचा आणि काहीतरी अडकले असे हाताला जाणवले की अलगद वर ओढायचा. त्या सकाळी आमच्या गळाला एक पितळी तांब्या लागला, तोही आमचा नव्हे! कळशी काही आली नाही. मग आळीतल्या एका पट्टीच्या पोहणाऱ्याने दोन बुड्या मारल्या. तळाशी गाळ फार आहे, हाताला काही लागत नाही, असे सांगून तो कुडकुडत वर आला आणि फराळाचे ताट संपवून गेला. शेवटी आजोबा म्हणाले, "आता वैशाखात उपसा करू, तेव्हा बघू."

गळ, बुडी आणि उपसा. पाण्यात गेलेली वस्तू परत मिळवण्याचे हे तीन मार्ग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पुढे मोठेपणी इटलीतल्या नेमी नावाच्या एका लहानशा तळ्याचा इतिहास वाचनात आला, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. तेथे पाण्यात गेलेली वस्तू कळशी नव्हती, दोन प्रचंड जहाजे होती. ती काढण्यासाठी माणसाने जवळजवळ पाचशे वर्षे खटपट केली. आणि तीही याच क्रमाने: आधी गळ, मग बुडी, शेवटी उपसा.

रोमच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर आल्बन टेकड्या आहेत. तेथल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात हे तळे साठले आहे. चहूबाजूंनी उंच काठ, काठावर दाट झाडी, त्यामुळे पाणी बहुधा संथ. प्राचीन रोमन लोक त्याला डायानादेवीचा आरसा म्हणत. वनदेवता डायानाचे देऊळ काठावरच होते आणि त्या देवळाची एक भीषण प्रथा होती. तेथला पुजारी 'वनराजा' म्हणवला जाई. जो पळून आलेला दास विद्यमान पुजाऱ्याला ठार मारील, तो पुढचा पुजारी. मग तोही रात्रंदिवस सावध राहून आपल्या मारेकऱ्याची वाट पाहणार! जेम्स फ्रेझर या पंडिताने १८९० साली 'द गोल्डन बाव' हा आपला जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो या एका प्रथेचे कोडे उलगडण्यासाठीच.

अशा या तळ्यावर रोमचा बादशहा कॅलिग्युला याचे मन बसले. त्याचे खरे नाव गायस. बाप सेनापती होता, म्हणून पोर लहानपणी छावणीत शिपायांसारखे चिमुकले बूट घालून हिंडे. शिपायांनी त्याला लाडाने 'बुटुकला बूट' अशा अर्थाचे नाव दिले आणि तेच इतिहासात राहिले. इसवी सन ३७ मध्ये तो गादीवर आला आणि ४१ मध्ये त्याच्याच पहारेकऱ्यांनी त्याचा खून केला. या चार वर्षांत त्याच्या लहरीपणाच्या आणि क्रौर्याच्या अनेक कथा झाल्या. देवळाचा तो वनराजा फार दिवस जगला असे वाटून त्याने त्याच्यावर एक दांडगा प्रतिस्पर्धी धाडला, असे स्वेटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो.

याच बादशहाने त्या चिमुकल्या तळ्यात दोन अवाढव्य जहाजे बांधवली. एक सुमारे ७१ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, दुसरे त्याहूनही थोडे मोठे. तळे एवढे लहान की ही जहाजे जाणार तरी कोठे? पण प्रवासासाठी ती नव्हतीच. त्यांच्यावर संगमरवरी फरशा, नक्षीदार जडावाची जमीन आणि पाण्याचे नळ होते. ते तरंगते राजवाडे होते की देवीच्या उत्सवासाठी बांधलेली तरंगती देवळे, यावर पंडितांचे अजूनही एकमत नाही. बादशहा मारला गेला आणि जहाजे तळाशी गेली.

पण कोळ्यांना मात्र विसर पडला नाही. त्यांची जाळी अडकत, जाळ्यांत कधी खिळा येई, कधी लाकडाचा तुकडा. तळाशी जहाज आहे ही गोष्ट काठावरच्या गावात बापाकडून मुलाकडे जात राहिली. इतिहासाच्या पोथीत नसलेली गोष्ट कोळ्याच्या जाळ्यात सापडते, हे आपल्याला नवे नाही. शकुंतलेची अंगठी नदीत पडली आणि तिच्याबरोबर दुष्यंताची आठवणही गेली. ती परत आणली कोणी? मंत्र्याने नाही, ऋषीने नाही, एका धीवराने, रोहित माशाच्या पोटातून. आणि कालिदासाने पुढे काय दाखवले आहे? राजाच्या शिपायांनी त्या बिचाऱ्याला चोर म्हणून बांधून आणले, मारहाण केली, आणि राजाने बक्षीस दिल्यावर त्यातलेच अर्धे घेऊन ते त्याच्याबरोबर मद्याच्या दुकानाकडे निघाले! पाण्यातून वस्तू काढणारा माणूस आधी चोर आणि मग मित्र ठरतो, ही रीत फार जुनी आहे.

नेमीच्या तळ्यावर पहिला गळ पडला तो १४४६ च्या सुमारास. त्या भागाचा धनी कार्डिनल प्रॉस्पेरो कोलोन्ना याने लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती या विख्यात वास्तुविशारदाला बोलावले. आल्बेर्तीने रिकामी पिंपे एकत्र बांधून तराफा केला, त्यावर रहाट बसवले आणि दोरांना लोखंडी आकडे लावले. हे आकडे जहाजाला अडकवण्यासाठी समुद्रकाठच्या जिनोव्हा शहरातून पोहणारे आणवले. रोमहून बडी बडी मंडळी तमाशा पाहायला आली. दोर ताणले गेले, रहाट करकरले आणि वर आला तो जहाजाचा मोडका तुकडा. बाकीचे जहाज होते तेथेच राहिले, फक्त एक जखम घेऊन. आमच्या गळाला दुसऱ्याच कोणाचा तांब्या लागला, तेव्हा निदान काही मोडले तरी नव्हते.

मग बुडीची पाळी आली. १५३५ साली फ्रांचेस्को दे मार्की नावाचा एक स्थापत्यविशारद, कमरेपर्यंत अंग झाकणारे आणि डोळ्यांपुढे काच बसवलेले एक विलक्षण शिरस्त्राण घालून तळ्यात उतरला. आपला अनुभव त्याने मोठ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे. पाण्याच्या दाबाने कान असह्य दुखू लागले. काचेतून लहान मासे मोठे दिसू लागले. बरोबर पाव आणि चीज घेतले होते, त्याचा चुरा पडताच माशांचा थवा जमला आणि उघड्या अंगाला टोचू लागला. इतिहासाच्या सेवेत असे प्रसंग यायचेच! तरीही तो पुन्हा उतरला, जहाजाची मोजमापे घेतली आणि लाकडाचे नमुने वर आणले.

यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८२७ मध्ये, आनेसियो फुस्कोनी नावाच्या माणसाने आठ माणसे मावतील अशी पाणबुडी-घंटा तळाशी सोडली. पालथा पेला पाण्यात सरळ दाबला तर आत हवा राहते, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. ही घंटा त्याच तत्त्वावर चाले. फुस्कोनीने फरशा काढल्या, लाकूड काढले, आणि त्या लाकडाच्या काठ्या व डब्या हौशी लोकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. म्हणजे एका बादशहाच्या जहाजाच्या हातात धरायच्या काठ्या झाल्या.

१८९५ मध्ये एलिसेओ बोर्गी या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पाणबुडे उतरवले. त्याच्या हाती आली ती ब्राँझची अप्रतिम मुखे: सिंह, लांडगा, केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा. तोंडात कडी धरलेली ही मुखे एके काळी जहाजाच्या तुळयांच्या टोकांवर बसवलेली होती. याच वेळी दुसऱ्या जहाजाचाही पत्ता लागला. पण त्याबरोबर शेकडो मीटर लांबीच्या तुळया उखडून काठावर टाकल्या गेल्या आणि तेथेच सुकून वाया गेल्या. व्यापाऱ्याला ब्राँझ हवे होते, जहाज नको होते. अखेर सरकारने ते काम बंद पाडले.

येथे या कथेत एक शहाणा माणूस येतो. आरमाराचा इंजिनियर व्हित्तोरिओ माल्फात्ती याला पाहणीचे काम मिळाले. त्याने काहीच उखडले नाही. पाणबुड्यांकरवी त्याने बुडालेल्या जहाजाच्या कडेकडेने दोऱ्या बांधल्या आणि त्यांच्या वरच्या टोकांना तरंगणारे बोंडले लावले. पाण्यावर त्या बोंडल्यांची रांग उमटली आणि काठावरच्या लोकांना प्रथमच जहाजाचा आकार दिसला. माल्फात्तीने अहवाल दिला की जहाज पाण्यातून ओढून काढण्याचा नाद सोडावा. जहाजावरून पाणी काढावे. आमच्या आजोबांचाच निर्णय!

पण आड उपसणे वेगळे आणि तळे उपसणे वेगळे. सुदैवाने एक सोय आयतीच होती. रोमन साम्राज्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व काळात, कोणा अज्ञात कारागिरांनी डोंगराच्या पोटातून दीड किलोमीटरहून लांब बोगदा खणून तळ्याच्या पाण्याला वाट करून दिली होती. तो बोगदा साफ केला आणि तळ्यावर विजेचे पंप बसवून पाणी त्यात ढकलायचे ठरले. पंप देऊ केले ग्विदो उचेल्ली या मिलानच्या कारखानदाराने. २० ऑक्टोबर १९२८ रोजी मुसोलिनीच्या उपस्थितीत पंप सुरू झाले. रोमन वैभवाचा आपणच वारसा चालवीत आहोत असे त्याला जगाला दाखवायचे होते, आणि त्यासाठी कॅलिग्युलाचे जहाजही चालण्यासारखे होते.

१९२९ च्या मार्च महिन्यात पहिल्या जहाजाचे लाकूड पाण्याबाहेर दिसले. तळे सुमारे वीस मीटर खाली गेले. चार कोटी घनमीटरच्या आसपास पाणी उपसले गेले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये तळ्याने एकदा इशाराही दिला. पाण्याचे ओझे उतरल्यामुळे तळाचा चिखल उसळला आणि काम थांबवावे लागले. पुन्हा पंप सुरू झाले आणि १९३२ मध्ये दुसरे जहाजही सुखरूप काठावर आले.

आणि जे आले ते पाहून जगातले जाणते लोक थक्क झाले. एवढी मोठी जहाजे प्राचीनांना बांधता येत होती, यावर अनेकांचा विश्वासच नव्हता. शिशाच्या नळांवर कॅलिग्युलाचे नाव कोरलेले सापडले आणि जहाजे कोणाची हा वाद मिटला. जहाजांचा तळ डांबर लावलेल्या लोकरी कापडाने आणि त्यावर शिशाच्या पत्र्याने मढवलेला होता. एक लोखंडी नांगर निघाला. त्याची आडवी दांडी सुटी करता येत असे, आणि अशा नांगराची युक्ती एकोणिसाव्या शतकातली समजली जात होती! लाकडी फिरत्या चौथऱ्याखाली ब्राँझचे गोळे बसवलेले होते. आपण सायकलच्या चाकात ज्यांना छर्रे म्हणतो, त्यांचेच हे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे पूर्वज.

एवढी वर्षे लाकूड टिकले कसे? उत्तर साधे आहे आणि मोठे शिकवणारेही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आणि बहुतेक जंतूंना हवा लागते. गाळाच्या जाड थराखाली हवा पोचत नाही. आपण ज्याला घाण समजून उपसून टाकतो, तो गाळच त्या जहाजांची दुलई होता. पाण्याने फुगलेले असे लाकूड बाहेर काढून एकदम वाळू दिले, तर ते आकसते आणि तडकते. म्हणून काढण्याचे काम संपले की सांभाळण्याचे सुरू होते. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेले 'वासा' हे जहाज १९६१ मध्ये वर काढले, तेव्हा त्याच्यावर मेणासारख्या एका पदार्थाचा फवारा सतरा वर्षे मारावा लागला.

नेमीच्या काठावर या दोन जहाजांसाठी खास संग्रहालय बांधले आणि १९४० मध्ये ते उघडले. पण वर्ष कोणते होते पाहा! त्याच वर्षी इटली महायुद्धात उतरला. १९४४ च्या मे महिन्यात दोस्तांच्या फौजा रोमच्या रोखाने येत होत्या. संग्रहालयाजवळ जर्मन तोफा होत्या. ३१ मेच्या रात्री संग्रहालयाला आग लागली आणि दोन्ही जहाजे जळून खाक झाली. चौथ्या दिवशी, ४ जूनला, रोम मुक्त झाले. आग माघार घेणाऱ्या जर्मन शिपायांनी लावली, असा ठपका त्या वेळच्या चौकशी समितीने ठेवला. दोस्तांच्या तोफगोळ्यांनी ती लागली, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पाण्याने एकोणीसशे वर्षे सांभाळलेली वस्तू जमिनीवर बारा वर्षे टिकली.

मग त्या माणसांचे श्रम फुकट गेले काय? मला तसे वाटत नाही. ब्राँझची मुखे आधीच रोमला हलवली होती, ती वाचली. उचेल्लीने जहाजांचा फळीन् फळी वर्णन करणारा ग्रंथ १९४० मध्येच प्रसिद्ध केला होता. त्याच्या आणि त्या वेळच्या रेखाटनांच्या आधाराने पुढे एकपंचमांश आकाराच्या प्रतिकृती करता आल्या, आणि आज नेमीच्या संग्रहालयात त्याच पाहायला मिळतात. या उचेल्लीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुसोलिनीच्या समोर पंप सुरू करणाऱ्या याच माणसाने युद्धकाळात ज्यूंना वाचवण्यासाठी मदत केली आणि त्याबद्दल पतिपत्नींना अटक झाली. युद्धानंतर, १९५३ साली, त्याने मिलानला विज्ञान आणि तंत्रविद्येचे मोठे संग्रहालय उभे केले. हरवलेले वाचवण्याची हौस काही माणसांच्या रक्तातच असते.

जहाजावरच्या जडावाच्या जमिनीचा एक चौकोनी तुकडा तर अलीकडेच घरी परतला. तो न्यूयॉर्कमध्ये एका घरात होता. कोठे? तर दिवाणखान्यातल्या टेबलाचा वरचा भाग म्हणून! पाहुणे त्यावर कॉफीचे पेले ठेवीत. २०१७ मध्ये तो जप्त करून इटलीला परत देण्यात आला आणि २०२१ मध्ये नेमीच्या संग्रहालयात मांडला गेला.

पाण्यातल्या सगळ्याच वस्तू अपघाताने पडलेल्या नसतात, हेही विसरून चालणार नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात ग्वाताविता नावाचे एक तळे आहे. मुइस्का लोकांचा नवा राजा अंगाला सोन्याचा मुलामा देऊन तराफ्यावरून मध्यभागी जाई आणि सोन्याच्या वस्तू पाण्याला अर्पण करी, अशी कथा स्पॅनिश लोकांनी ऐकली. लगेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटले. सोळाव्या शतकात एका स्पॅनिश व्यापाऱ्याने तळ्याच्या काठाला खाच पाडून पाणी सोडले. थोडे सोने मिळाले, पण काठ कोसळून मजूर गाडले गेले आणि तो स्वतः कंगाल झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या एका कंपनीने बोगदा खणून तळे रिकामे केले, तेव्हा उघडा पडलेला गाळ उन्हाने भाजून दगडासारखा घट्ट झाला. हाती आले ते खर्चाच्या मानाने काहीच नाही. १९६५ मध्ये तेथल्या सरकारने कायदा करून ही लूट कायमची थांबवली. देवाला वाहिलेले देवाकडेच राहू द्यावे, असा न्याय त्यांनी केला.

आपण तर नदीला देणारे लोक. गोदावरीवर रामकुंडाशी भाविक पैसा टाकतात आणि काठावरची चपळ पोरे दोरीला लोहचुंबक बांधून किंवा सरळ बुडी मारून तो वेचतात. नदीचा त्याला आक्षेप नसावा. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण शोधणारे झारेकरी आणि विदर्भातल्या नद्यांची वाळू चाळणारे सोनझारी हेही याच धंद्यातले. पण जुने धन सापडले तर ते पचवता येत नाही. १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरला कळवले पाहिजे. आणि कायद्याच्याही पलीकडचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या मनात कायमचे कोरलेले आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीच्या डोहात बुडवली गेली आणि तेराव्या दिवशी ती कोरडी वर आली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तेथे ना गळ पडला, ना कोणी बुडी मारली, ना उपसा झाला. पण ती वर आल्यावर वारकऱ्यांनी काय केले? घरोघर उतरून घेतली, पाठ केली, गायली. संग्रहालय जळेल, वही भिजेल, पण हजारो कंठांत असलेली वस्तू कोणत्या आगीत जळणार?

आमच्या कळशीची हकीकत सांगायची राहिलीच. वैशाखात आडाचा उपसा झाला. चार माणसे दिवसभर गाळ काढीत होती. कळशी निघाली, पोचे पडलेली पण धड. तिच्याबरोबर गाळात एक चांदीचा वाळा निघाला, तान्ह्या मुलाच्या पायातला. काळा पडलेला. आजीने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आईच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता आणि तो वर्षाच्या आतच गेला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या दिवशी मी एवढेच विचारले, "आजी, हा आता कुठे ठेवायचा?"

आजी म्हणाली, "इतके दिवस आडाने सांभाळला. आता आपल्याला सांभाळायचा."

तो वाळा आज माझ्या देव्हाऱ्यात आहे. आजवर तीन घरे बदलली. दर वेळी सामान गाडीत गेले, वाळा मात्र मी खिशात घालून नेला. दिवाळीच्या पहाटे देवांबरोबर त्यालाही तेल-उटणे लागते.